चष्मा, फवारणी आणि आईचे थेंब

पत्र असं आहे :

"ताई, मी निफाड तालुक्यातला द्राक्ष बागायतदार. वय ३८. नववीत असताना चष्मा लागला. आज उजव्या डोळ्याचा नंबर उणे ४.५ आणि डाव्याचा उणे ४.७५ आहे, दोन्हीत थोडा सिलिंडर, म्हणजे तिरका नंबर. पाच-सहा वर्षांत नंबर हललेला नाही. औषध मारताना काचांवर तुषार बसतात, मास्क लावला की काचा धुरकटतात, घामाने चष्मा नाकावरून घसरतो. मागच्या हंगामात ट्रॅक्टरवरून खाली पडला आणि सापडला तेव्हा त्याच्यावरून ब्लोअरचं, म्हणजे फवारणीच्या यंत्राचं, चाक गेलेलं होतं. नाशिकला राहणाऱ्या मेहुण्याने दोन वर्षांपूर्वी चष्म्याचा नंबर घालवायचं लेसर केलं. तो म्हणतो, दहा मिनिटांचं काम, दुसऱ्या दिवशी गाडी चालवली. बायको म्हणते, डोळ्याशी खेळ नको. तिच्या माहेरच्या एकीचे डोळे लेसरनंतर कोरडे पडले ते पडलेच. एका ठिकाणी चौकशी केली तर महिनाअखेरच्या आत केलं तर सूट देतो म्हणाले. ऑक्टोबर छाटणीच्या आधी उरकून टाकावं असं मनात आहे. तुम्ही स्वतः केलंय असं तुम्ही एकदा लिहिलं होतं. खरं काय ते सांगा.

ता. क. लेसरने डोळा आतून भाजत नाही ना? आईला काचबिंदूचे थेंब चालू आहेत, त्यामुळे ती फार घाबरते."

भाऊ,

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाचताना ब्लोअरखाली गेलेल्या चष्म्यावर हसले. दुसऱ्यांदा मात्र ताजा कलमापाशी थांबले, कारण ज्याच्यावर सगळं अडू शकतं ते तुम्ही सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलंय. तिथे येतेच. मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून ठेवते. माझ्या पदरी आहे तो एका पेशंटचा वीस वर्षांचा अनुभव आणि घरातल्या आणखी एकाची हकिगत.

माझा नंबर तुमच्याहून थोडा जास्त होता, उणे साडेपाच. २००५ साली, वयाच्या तिसाव्या वर्षी, इथे नाशिकमध्येच मी लॅसिक करून घेतलं. बाहेरच्या बाकावर आम्ही पाच जण निळ्या टोप्या घालून बसलो होतो. सगळ्यांचे चष्मे नातेवाइकांच्या खिशात, त्यामुळे शेजारचा माणूस किती घाबरलाय तेही कुणाला दिसत नव्हतं. आत गेल्यावर बधिर करणारे थेंब टाकले. सुई नाही, भूल नाही. पापण्या मिटू नयेत म्हणून एक छोटा चिमटा बसवला. मग डोळ्यावर एक कडं दाबून धरलं. ते दुखत नाही, पण डोळा कुणीतरी मुठीत धरल्यासारखा वाटतो आणि काही सेकंद समोर मिट्ट काळोख होतो. हे मला आधी सांगून ठेवलं होतं म्हणून बरं, नाहीतर मी टेबलावरून उठून पळाले असते. तेवढ्या वेळात बुबुळावरच्या पारदर्शक काचेचा, म्हणजे कॉर्नियाचा, वरचा पातळ पापुद्रा कापून पुस्तकाच्या पानासारखा उलटतात. मग लुकलुकणाऱ्या दिव्याकडे बघत राहायचं. यंत्राची टकटक ऐकू येते आणि केस जळल्यासारखा वास येतो. पापुद्रा परत जागेवर ठेवला की झालं. टाके नाहीत. दुसऱ्या डोळ्याच्या वेळी मी जास्त घाबरले, कारण आता पुढे काय होणार ते माहीत होतं.

म्हणजे मेहुण्याची दहा मिनिटं खरी आहेत. त्याने पुढचं सांगितलं नाही, एवढंच. रिक्षातून घरी येईपर्यंत थेंबांचा असर उतरला आणि संध्याकाळपर्यंत डोळ्यांत कुणी मिरची चोळल्यासारखी आग होत होती. पाणी थांबेना. औषध घेऊन झोपले. सकाळी उठले, सवयीने उशीजवळ चष्मा चाचपला, मग आठवलं. आयुष्यात बिनचष्म्याने मला स्पष्ट दिसलेली पहिली वस्तू म्हणजे आमच्या स्वयंपाकघराच्या छताला लागलेलं जाळं. आनंद व्हायच्या आधी लाजच वाटली. नंतरचे कित्येक महिने नाकावरचा, नसलेला चष्मा मी बोटाने वर सरकवत होते.

ते पहिलं वर्ष मात्र मेहुण्याने सांगितलं त्यातलं नव्हतं. रात्री द्वारका चौकातून जाताना समोरून येणाऱ्या प्रत्येक दिव्याभोवती कडं दिसायचं, पावसात तर दिव्यांना काटे फुटलेले असायचे. दुचाकी मी चार महिने रात्री काढलीच नाही. वर्षभरात ते बरंच कमी झालं. पूर्ण गेलं असं आजही म्हणणार नाही, पण आता मुद्दाम पाहिलं तरच जाणवतं. तुमच्याकडे शेतीची लाईट रात्रीच्या पाळीत येते तेव्हा मोटर चालू करायला गाडीवर जाणार तुम्हीच. पिंपळगावच्या हायवेवर समोरून ट्रकचे दिवे येणार तेही तुमच्याच डोळ्यांवर. तेव्हा अंधारात ज्यांची बाहुली जास्त मोठी होते त्यांना ही कडी जास्त छळू शकतात, हे लक्षात ठेवा आणि बाहुली मोजून घ्या.

आता कोरडेपणा. तुमच्या बायकोचं खोटं नाही. त्या माहेरच्या बाईंची मला माहिती नाही, पण कारण सरळ आहे. कॉर्नियात बारीक नसांचं जाळं असतं. डोळा सुकायला लागला की याच नसा कळवतात, मग पाणी सुटतं, पापणी मिटते. पापुद्रा कापताना त्या तुटतात आणि परत वाढायला महिने लागतात. तोवर डोळ्याला आपण सुकतोय हेच नीट कळत नाही. मी आठ महिने पर्समध्ये थेंबांची बाटली घेऊन फिरले. बहुतेकांचं सहा महिने ते वर्षभरात सुधारतं. काहींचं राहतं, आणि ज्यांचा डोळा आधीपासून थोडा कोरडा असतो त्यांना धोका जास्त. म्हणून तपासणीत खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून पाच मिनिटांत किती ओल चढते ते पाहतात. ती पट्टी तुमच्या डोळ्यात कुणी लावलीच नाही, तर पुढच्या पायरीवर पाय ठेवू नका.

डोळा भाजतो का, हा तुमच्या आईचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नका. लेसर म्हटलं की वेल्डिंगच डोळ्यापुढे येतं. पण लॅसिकमध्ये नंबर घासणारा जो लेसर आहे तो एक्सायमर जातीचा. १९३ नॅनोमीटरचे अतिनील किरण. तो ऊतींचे रासायनिक बंध तोडतो आणि अगदी पातळ थर उडवून लावतो, शेजारच्या भागाला उष्णतेची झळ जवळजवळ लागू देत नाही. याची सुरुवात मजेची आहे. १९८१ साली अमेरिकेत, आयबीएमच्या प्रयोगशाळेत, चेन्नईत जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी हा लेसर सणाच्या जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या कूर्चेवर, म्हणजे मऊ हाडावर, चालवून पाहिला. कडा न करपता स्वच्छ काप पडला. मग काही वर्षांत डोळ्यांचे डॉक्टर त्यामागे लागले. आईंना एवढं सांगा की तो लेसर डोळ्याच्या आत शिरत नाही, वरच्या काचेवरच काम करतो. आतला पडदा, नस, भिंग यांना तो हात लावत नाही.

पण आईंच्या भीतीचं टोक चुकीच्या जागी असलं, तरी भीती योग्य माणसाला वाटतेय. तुमच्या आईला काचबिंदू आहे. म्हणजे डोळ्यातला दाब वाढून नस हळूहळू मारणारा, मरेपर्यंत पत्ता न लागू देणारा आजार. तो घराण्यात चालतो. तुम्ही चाळिशीला टेकलात, तेव्हा लेसर करा न करा, दाब आणि डोळ्याची नस तुम्ही तपासून घ्यायलाच हवी. आता लेसरशी याचा संबंध दोन ठिकाणी येतो. एक, लेसरनंतर काही आठवडे स्टेरॉइडचे थेंब टाकतात आणि ज्यांच्या घरात काचबिंदू आहे त्यांच्यात या थेंबांनी डोळ्याचा दाब चढायची शक्यता जास्त असते. दुसरं जास्त फसवं आहे. दाब मोजायचं यंत्र कॉर्निया दाबून पाहतं. लेसरने कॉर्निया पातळ झाला की तो सहज दबतो आणि यंत्र खऱ्यापेक्षा कमी आकडा दाखवतं. म्हणजे पुढे पन्नाशीत तुमचा दाब खरंच वाढला, तरी आकडा सगळं ठीक आहे म्हणेल. याचा अर्थ लेसर नकोच, असा नाही. पण लेसर करायच्या आधी नस पाहून घ्यायची, तिचा ओसीटी नावाचा स्कॅन आणि दृष्टिक्षेत्राची चाचणी करून घ्यायची, आणि पुढे आयुष्यभर कुठल्याही डोळ्याच्या डॉक्टरसमोर बसलात की पहिलं वाक्य हेच म्हणायचं, 'माझं लेसर झालंय आणि आईला काचबिंदू आहे.' सूट देणाऱ्याने तुम्हाला घरातल्या आजारांबद्दल विचारलं होतं का? पत्रावरून तरी विचारलं नसावं असं वाटतं.

आता एक गंमत करून पाहा. पत्र वाचता वाचताच चष्मा काढा आणि हाताची वीत करून तेवढ्या अंतरावर कागद धरा. अक्षर अगदी टाचणीसारखं स्वच्छ दिसेल. उणे साडेचार नंबरच्या डोळ्याची हीच जागा, साधारण बावीस सेंटिमीटर. या अंतरावर तुम्हाला म्हातारपणीसुद्धा बिनचष्म्याचं दिसेल. घडातले मणी विरळताना कात्रीचं टोक, पानामागचा डाऊनी रोगाचा पांढरा बुरा, काडीवरचा डोळा म्हणजे फुटवा निघायची जागा, हे सगळं तुम्ही चष्मा कपाळावर सरकवून बघत असणार, आणि ते बघताना आपण काही खास करतोय असं तुम्हाला वाटतही नसणार. लेसर झाल्यावर ही देणगी जाते. लांबचं दिसेल, पण चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग कडक होतं ते लेसरने थांबत नाही. मी चव्वेचाळिसाव्या वर्षी वाचायचा चष्मा लावला. माझा उणे नंबर तसाच राहिला असता तर आज मी वर्तमानपत्र चष्मा काढून वाचत असते. माझ्या थोरल्या बहिणीचा नंबर माझ्याएवढाच, तिने लेसर केलं नाही. सुईत दोरा ओवायचा असला की ती चष्मा काढते आणि माझ्याकडे विजयी मुद्रेने बघते.

मला मिळाली ती चौदा वर्षं. तुम्हाला मिळतील साधारण पाच-सहा. विरळणीच्या दिवसांत तुम्ही रोज आठ तास हातभर अंतरावर बघता, हे ध्यानात घेतलं तर हा सौदा तुमच्यासाठी माझ्याइतका सोपा नाही. यावर डॉक्टर एक तोड सुचवतात. एक डोळा पूर्ण लांबचा करायचा आणि दुसऱ्यात थोडा उणे नंबर मुद्दाम ठेवायचा, म्हणजे जवळचं त्याने दिसतं. काहींना छान जमतं, काहींना डोकं गरगरल्यासारखं होतं आणि रात्री गाडी चालवताना त्रास होतो. आधी महिनाभर कॉन्टॅक्ट लेन्स लावून हे घालून पाहता येतं. थेट ऑपरेशन टेबलावर प्रयोग करायची गरज नाही.

फवारणीचं मात्र मला तुमच्याशी भांडायचंय. तुमचं सगळं पत्र फवारणीने सुरू होतं. चष्मा जाईल, म्हणजे तुषार, धुरकट काचा, घसरणं सगळं जाईल, हा हिशेब. पण भाऊ, चष्मा गेल्यावर तुम्ही उघड्या डोळ्यांनी औषध मारणार आहात का? गंधकाची धुरळणी उघड्या डोळ्यांनी? इतकी वर्षं तो बिचारा चष्मा तुमच्या डोळ्यांची ढाल होऊन उभा होता आणि तुम्ही त्यालाच शिव्या घालताय. लेसरनंतर तुम्हाला फवारणीला बाजूने बंद असलेला गॉगल लावावाच लागेल, आणि गॉगलही धुरकटतो. एक खरं, नुसता गॉगल लावणं हे चष्म्यावर गॉगल चढवण्यापेक्षा कितीतरी सोपं. तेवढा फायदा मी मान्य करते. पण त्यासाठी लेसर, हे माशी मारायला तोफ आणण्यासारखं झालं.

आणि फवारणीहून मोठी गोष्ट बागेत आहे, ती तुम्ही लिहिलीच नाही. तारा, बांबू, छाटलेल्या काड्यांची टोकं. मांडवाखालून वाकून जाताना काडी डोळ्यावर आपटली नाही असा बागायतदार मला दाखवा. लॅसिकचा तो पापुद्रा वरून बसतो, पण पूर्वीसारखा एकजीव कधीच होत नाही. जोराचा मार लागला तर काही वर्षांनीसुद्धा तो सरकल्याची उदाहरणं आहेत. म्हणून कुस्तीगीर, सैनिक, अशा अंगमेहनतीच्या आणि मार लागायच्या कामातल्या लोकांना पापुद्रा नसलेली पद्धत सुचवतात. एक पीआरके. यात वरची नाजूक त्वचा काढून थेट लेसर मारतात, वर पट्टीसारखी लेन्स ठेवतात. चार-पाच दिवस चांगलंच दुखतं, नजर सावकाश येते, थेंब लांबतात आणि उन्हात काळा गॉगल काही महिने सक्तीचा, नाहीतर काचेवर धूसरपणा येऊ शकतो. आणि थेंब लांबले की तुमच्या बाबतीत काचबिंदूचा मुद्दा परत उभा राहतो, हे विसरू नका. दुसरी पद्धत स्माईल. तिच्यात कॉर्नियाच्या पोटातूनच एक बारीक चकती कापून दोन ते चार मिलिमीटरच्या फटीतून बाहेर ओढतात. पापुद्रा नाही, नसाही कमी तुटतात. महाग आहे. तुमच्यासारख्याला डॉक्टरने नुसतं लॅसिकच दाखवलं आणि तुमचा धंदा काय हे विचारलंही नाही, तर समजायचं की त्यांनी डोळा पाहिला, माणूस पाहिला नाही.

ज्यांना लेसर चालत नाही त्यांच्या डोळ्यात लेन्स बसवण्याचाही मार्ग असतो. तुमच्या नंबरला त्याची गरज पडेल असं वाटत नाही, म्हणून ते सोडते.

काडीवरून आठवलं. हे लेसरशी संबंधित नाही, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. पाला, काडी, गवताचं कुसळ डोळ्याला लागलं की बुरशीची जखम होऊ शकते. कॉर्नियावर पांढरा ठिपका पडतो, डोळा लाल होतो, उजेड सहन होत नाही. अशा वेळी घरात लेसरचे उरलेले स्टेरॉइडचे थेंब असतील आणि 'डोळ्याचंच औषध आहे' म्हणून कुणी टाकले, तर बुरशीला खतपाणी घातल्यासारखं होतं. डोळा जाऊ शकतो. उरलेली बाटली कोर्स संपला की फेकून द्या. तसंच कुणी जिभेने कचरा काढून देतो म्हणालं तर हात जोडून नको म्हणा. आमच्या आजोळी हा प्रकार प्रेमाने चालायचा.

आता तपासणीबद्दल, कारण खरी परीक्षा तिथेच असते. माझ्या भाच्याचं सांगते. वय वीस, लहानपणापासून ॲलर्जी, डोळे सतत मुठीने चोळायची सवय. रेल्वेच्या सहायक लोको पायलटच्या परीक्षेची तयारी करत होता आणि नंबर घालवून टाकू म्हणाला. (गंमत म्हणजे त्या पदाच्या जाहिरातीत लेसर केलेला उमेदवार चालणार नाही असं स्पष्ट लिहिलेलं असतं. जाहिरात शेवटपर्यंत कुणी वाचत नाही.) पहिल्या दवाखान्यात, नाव लिहीत नाही, म्हणाले, काच थोडी पातळ आहे पण चालून जाईल, रविवारपर्यंत पैसे भरले तर पॅकेजमध्ये बसेल. 'चालून जाईल' हा शब्द माझ्या बहिणीच्या कानाला टोचला. ती त्याला दुसरीकडे घेऊन गेली. तिथल्या बाईंनी कॉर्नियाचा रंगीत नकाशा समोर ठेवला, त्यात खालच्या बाजूला लाल फुगवटा होता. केराटोकोनस. काच पातळ होऊन शंकूसारखी पुढे येत चालली होती. अशा डोळ्यावर लेसर म्हणजे तडा गेलेल्या भिंतीची आणखी वीट काढणं. त्यांनी लेसरला चक्क नकार दिला आणि काच आणखी फुगू नये म्हणून सी-थ्री-आर नावाचा उपचार केला. जीवनसत्त्वाचे थेंब टाकून त्यावर अतिनील किरण. भाचा आजही चष्मा लावतो आणि बँकेच्या परीक्षा देतो.

तुम्ही धुळीत काम करता. डोळे चोळता का, ते स्वतःला खरं खरं विचारा आणि डॉक्टरला सांगा.

हिशेब कसा करतात ते सांगते, म्हणजे समोरचा काय म्हणतोय ते कळेल. कॉर्नियाची जाडी मध्यभागी साधारण ५४० मायक्रॉन असते (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). लॅसिकचा पापुद्रा ११० च्या आसपास. एक नंबर उतरवायला अंदाजे १४ मायक्रॉन घासावे लागतात, म्हणजे तुमचे पाच नंबर धरले तर ७०. उरले ३६०. खाली निदान २५०, आणि सावध डॉक्टर म्हणतील ३०० तरी, शिल्लक राहायलाच हवेत. सरासरी जाडी असली तर तुमचा डोळा गणितात बसतो. पण तुमची काच ४८० ची निघाली तर? उरतात ३००, म्हणजे अगदी काठावर. म्हणून जाडी आणि नकाशा आधी, पैसे नंतर. सातबारा पाहिल्याशिवाय तुम्ही जमिनीचा विसार देत नाही, तसं. त्याच दिवशी बाहुली मोठी करणारे थेंब टाकून मागचा पडदाही पाहायला सांगा. उणे नंबरचा डोळा लांबट असतो, पडदा ताणलेला असतो, त्याला भोक असू शकतं. लेसरने चष्मा जातो, डोळ्याची लांबी तीच राहते. पुढे कधी डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके पडले किंवा वीज चमकल्यासारखी झाली, तर चष्मा नसला तरी तुम्ही उणे नंबरवालेच आहात, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. आणि हा सगळा लेसरच्या आधीचा रिपोर्ट सातबाऱ्याच्याच पिशवीत ठेवा. साठीत मोतीबिंदू होईल तेव्हा कोणतं भिंग बसवायचं याचा हिशेब त्यावरून सोपा होतो. मी माझा हरवला. आता तो दवाखानाही बंद झालाय.

पैशाचं थोडक्यात. पद्धतीप्रमाणे दोन्ही डोळ्यांचे तीस-चाळीस हजारांपासून लाखाच्या पुढे जातात. मेडिक्लेम आहे म्हणून निश्चिंत असाल तर राहू नका. साडेसातपेक्षा कमी नंबरच्या लेसरचा खर्च आपल्याकडच्या पॉलिसींच्या ठरलेल्या वगळणीतच येतो. तुमचा नंबर पाचच्या आत, म्हणजे खिसा तुमचाच.

राहता राहिली वेळ, आणि इथे मात्र मी सरळ नाही म्हणते. महिनाअखेरीला लेसर केलंत तर पुढच्या तीन-चार आठवड्यांत तुमची छाटणी, मग काड्यांना पेस्ट लावायचं काम, मग फुटवे, आणि एकदा पाऊस आला की एक दिवसाआड फवारणी. डोळ्यात दिवसातून चार-सहा वेळा थेंब, डोक्यावरून पाणी नाही, चोळायचं नाही, धूळ नको, रात्री प्लास्टिकची वाटी लावून झोपायचं, आणि ठरलेल्या दिवशी नाशिकला तपासणी. डाऊनी आला त्या दिवशी तुम्ही तपासणीला जाल का? मी तुमच्या जागी असते तर गेले नसते. म्हणून या हंगामात नुसती तपासणी करून घ्या, दोन ठिकाणी, आणि दुसऱ्या ठिकाणी पहिल्याचा निकाल सांगू नका. सगळं जमलं आणि तरीही मन असलं, तर पुढच्या वर्षी उन्हाळ्यातल्या खरड छाटणीची घाई उतरल्यावर, पहिल्या पावसाने धूळ बसल्यावर करा. हवेत ओल असते, कोरड्या डोळ्याला तेवढाच आराम. फक्त गावात डोळे आल्याची साथ असेल तर ती ओसरू द्या. महिनाअखेरची सूट पुढच्या महिन्याच्या अखेरीलाही असते, मी वीस वर्षं बघतेय.

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, मी पुन्हा तिशीची झाले तर पुन्हा करेन. अडतिशीत आणि द्राक्षाच्या बागेत असते तर बहुतेक केलं नसतं, किंवा स्माईलचा भाव विचारून एक वर्ष विचार करत बसले असते. बायकोला हे पत्र वाचायला द्या, पण मी तुमच्या विरुद्ध तिला फूस लावली असं म्हणू नका.

सध्यासाठी एक करा. चष्म्याच्या दुकानात नंबरच्याच काचांचा, बाजूने बंद, मागे इलॅस्टिकचा पट्टा असलेला सेफ्टी गॉगल बनवून मिळतो, काचांना धुकं न धरणारा लेप घेऊन. अंबड-सातपूरच्या कारखान्यांतले कामगार असले गॉगल वापरतात. तुमच्या नंबरला सिलिंडर आहे म्हणून काच मागवावी लागेल, आठ-दहा दिवस धरा. पुढच्या वेळी नाशिकला याल तेव्हा माप द्या, म्हणजे पहिल्या फवारणीच्या आत हातात येईल. येताना आईंनाही बरोबर आणा. त्यांचा दाब शेवटचा कधी मोजला होता ते तुम्ही लिहिलेलं नाही.